छोट्या चाकांची सायकल : साहित्य, कृती आणि सावधगिरी

नवशिक्यांनी हातात पाना घेण्याआधी एक प्रश्न पाठ करून ठेवावा, कारण पुढचे तीन महिने तो रोज ऐकावा लागणार आहे : "नातवाची का?" गाडी उलटी ठेवलेली असताना, सुलटी झाल्यावर, लिफ्टमध्ये, सिग्नलला. उत्तर "हो" असंच द्यावं. "नाही, मीच बनवतोय, ऑफिसला जायला," असं खरं सांगितलं तर लगेच सल्ला येतो, आणि पुण्यात सल्ला नेहमी प्रश्नापेक्षा लांब असतो.

साहित्य
(एका माणसापुरतं. कोथरूड ते कॅम्प, आठ-नऊ किलोमीटर, गतिरोधक चवीनुसार.)

१. मुलाची जुनी वीस इंची सायकल, नग एक. फ्रेम पोलादी, बीएमएक्स धाटणीची हवी. मूल आता कॉलेजात असावं, म्हणजे परत मागत नाही. पहिलीतल्या पोरासाठी केलेली हलकी फ्रेम घेऊ नये; ७५ किलोचा माणूस वर बसला की तिचे सांधे बोलू लागतात.
२. लांब सीटपोस्ट, मोठ्या माणसाचे १७० मिलिमीटरचे क्रँक, ५२ दात्यांचं चेनव्हील.
३. पाने, पक्कड, ग्रीस, वाटीभर डिझेल. वाटी स्वयंपाकघरातली नको.
४. जुनी चादर. 'जुनी' कशाला म्हणायचं हे घरात आधी विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं.
५. दोन रविवार. हा आकडा फक्त घरी सांगण्यासाठी आहे.

पायरी पहिली : शंकानिरसन

"एवढुशी चाकं! किती पॅडल मारावं लागत असेल!" ही शंका शेजाऱ्यांना येण्याआधी आपल्यालाच येते, म्हणून ती आधी धुऊन काढावी.

तिचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या त्या उंच सायकलीत आहे. तिला चेन नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं. पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरणार. म्हणून वेग हवा असेल तर चाक मोठं हवं, आणि चाक किती मोठं हे मालकाच्या टांगेवर ठरायचं. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' आली. तिची चेन मागचं चाक फिरवायची. ती घडण रूढ झाली आणि चाकाचा नि टांगेचा संबंध सुटला. ही बातमी आमच्या सोसायटीत अजून पोचायची आहे.

तरीही मन डगमगलं तर अ‍ॅलेक्स मोल्टन यांचं स्मरण करावं. 'मिनी' मोटारीचं रबरी सस्पेन्शन ज्यांनी केलं तेच हे इंग्रज इंजिनिअर. १९५६ च्या सुएझ पेचात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा त्यांचं लक्ष सायकलीकडे वळलं आणि १९६२ मध्ये त्यांनी सोळा इंची चाकांची, पुढेमागे रबरी सस्पेन्शनची सायकल बाजारात आणली. लोक हसले असतील. शेजारी तिकडेही असतातच. त्याच डिसेंबरात जॉन वुडबर्न या स्पर्धकाने मोल्टनवरून कार्डिफ ते लंडन हे १६२ मैल ६ तास ४४ मिनिटांत तोडले आणि त्या मार्गाचा विक्रम केला. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण इथे वापरून टाकावी. पुढे तिला जागा नाही.

पायरी दुसरी : मापात पाप

आता टायर आणायला जावं. दुकानात "वीस इंची द्या" एवढंच म्हणणारा नवशिका दारातच ओळखू येतो. गल्ल्यावरचे काका विचारतात, "कुठला वीस?"

इथे आपली गणितावरची श्रद्धा पहिल्यांदा हलते. बाजारात 'वीस इंची' नावाने एकाहून अधिक मापं नांदतात. २० × १.७५ असं दशांशात लिहिलेलं टायर ४०६ मिलिमीटरच्या रिमवर बसतं. २० × १ १/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं ४५१ च्या रिमवर. आणि शाळेत १.७५ म्हणजेच १ ३/४ असं घोकून घेतलं होतं ते विसरावं. सायकलीच्या जगात ती दोन वेगळी टायरं आहेत आणि एकाच्या रिमवर दुसरं चढत नाही. सोळा इंचीतही तोच घोळ : एक ३०५ चं, एक ३४९ चं.

उपाय सोपा आहे. जुन्या टायरच्या कडेला ४७-४०६ अशी बारीक अक्षरं असतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. तो दुसरा आकडा कागदावर लिहून न्यावा. मी लिहून न्यायला लागलो ते दुसऱ्या फेरीपासून. पहिल्या फेरीतलं टायर आजही गॅलरीत आहे; त्यात कोरफड लावली आहे.

निवड करता येत असेल तर ४०६ घ्यावं. मुलांच्या सायकलींमुळे त्याची टायर-ट्यूब जवळजवळ कुठल्याही दुकानात मिळते. पंक्चर संध्याकाळी सात वाजता, पावसात होतं, तेव्हा या वाक्याची किंमत कळते.

पायरी तिसरी : गुणाकार

या कृतीतली खरी फोडणी ही आहे. चाकाचा व्यास इंचात घ्या, चेनव्हीलच्या दात्यांनी गुणा, फ्रीव्हीलच्या दात्यांनी भागा. येतो तो आकडा 'गिअर इंच'. म्हणजे काय, तर तुमची सायकल त्या जुन्या बिनचेनच्या उंच सायकलीच्या किती मोठ्या चाकाबरोबरीची आहे ते.

वडिलांची काळी सायकल घेऊ : चाक २८, पुढे ४४ दाते, मागे १८. उत्तर ६८. मुलाची सायकल : चाक २०, पुढे ३६, मागे १६. उत्तर ४५. मिनिटाला साठ वेळा पाय फिरवला तर वडील ताशी साडेएकोणीस किलोमीटरने जातात आणि आपण तेराने. पाय तेवढेच फिरवून. आता पुढचं चेनव्हील ५२ चं करा : २० गुणिले ५२ भागिले १६, उत्तर ६५. वेग पावणेएकोणीस. वडिलांच्या मागे जेमतेम एक चाक.

छोटी चाकं हळू असतात हा समज यातूनच आला. मुलांच्या सायकलीला मुद्दामच हलका गिअर दिलेला असतो आणि आपण दोष देतो चाकाला.

पायरी चौथी : उलगडणे

आता सायकल चादरीवर उलटी करावी आणि एकेक भाग काढावा. ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने मांडावा. मग मांजर येईल.

डावं पॅडल निघणार नाही. जोर लावाल, पान्यावर उभे राहाल, शेजारच्या जोशीकाकांना बोलवाल. तरी नाही. कारण डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पॅडल मारताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. जग ज्या दिशेला सोडवतं त्या दिशेला ते आवळतं. हे जोशीकाकांना माहीत होतं. त्यांनी ते वीस मिनिटांनी सांगितलं.

पुढचा धक्का क्रँकचा. काही मुलांच्या सायकलींत दोन्ही क्रँक एकाच सळईतून वाकवलेले असतात आणि त्यासाठी फ्रेमचं भोक मोठं असतं. मोठ्या माणसाचे क्रँक त्यात बसत नाहीत. मध्ये अडॅप्टर लागतो. हे साहित्याच्या यादीत का नव्हतं? कारण मलाही ते याच पायरीला कळलं. तसंच, ५२ दात्यांचं चेनव्हील मागच्या नळीला घासतं का हे गाडी जोडण्याआधी बघावं. घासत असेल तर लांब आस टाकून ते थोडं बाहेर काढावं लागतं.

मग छर्रे. मागच्या हबमध्ये दर बाजूला पाव इंची नऊ छर्रे असतात. ते ग्रीसमध्ये बसलेले असतात तोवर फार सभ्य दिसतात. कोन सैल केला की प्रत्येक जण आपल्या वाटेने जातो. मला सतरा सापडले. अठरावा गौरी-गणपतीच्या साफसफाईत फ्रिजखाली निघाला आणि हिने तो पुराव्यासारखा बशीत ठेवून समोर आणला. नवे छर्रे स्वस्त मिळतात. जुने शोधत बसू नये आणि जुने-नवे एकत्र घालू नयेत.

पायरी पाचवी : आऊट काढणे

चाक फिरवून रिम ब्रेकच्या रबराजवळ किती डुलते ते पाहावं. आरे सैल-घट्ट करून ती सरळ करायची, याला आऊट काढणे म्हणतात. निप्पल एका वेळी पाव फेराच फिरवावं. नवशिका उत्साहाने पुरा फेरा देतो आणि चाकाची कुरडई करतो. इथे मात्र छोटं चाक मदतीला येतं : आरे आखूड, त्यामुळे चाक मुळातच कणखर. ३६ आऱ्यांचं मिळालं तर उत्तमच.

मी तीन संध्याकाळी आऊट काढला. चौथ्या दिवशी चाक काकांकडे नेलं. त्यांनी ते एकदा फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आधी सरळच होतं का?"

पायरी सहावी : बैठक आणि रस्ता

सीट उंच करताना सीटपोस्टवरच्या किमान खुणेवर नजर ठेवावी. ती खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे. ब्रेकमध्ये काटकसर करू नये. तार नवी, रबर नवं.

पहिले चार दिवस हँडल फार चपळ वाटतं. मोठ्या सायकलीवर आपण हात दाखवून वळतो. हिच्यावर हात दाखवला की आधी सायकल वळते, मग आपण. पॅडल जमिनीच्या जवळ येतं, म्हणून वळणावर पाय थांबवावा.

आणि खड्डे. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून जातं त्यात छोटं चाक उतरतं. हे गणित कुठल्याही दात्याने सुटत नाही. मोल्टननी सस्पेन्शन घातलं ते उगीच नाही. आपण दोन इंच रुंदीचं टायर घालावं, हवा थोडी कमी ठेवावी, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर कधीही विश्वास ठेवू नये.

सावधगिरी

फोल्डिंगच्या नादी लागू नये. फ्रेम मधून कापून बिजागरी बसवू, असा विचार सहाव्या पायरीनंतर प्रत्येकाच्या मनात येतोच. अँड्र्यू रिची यांनी १९७५ मध्ये लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये ब्रॉम्प्टनचा पहिला नमुना केला. तिचा कारखाना नीट सुरू व्हायला १९८८ उजाडलं. आपल्याकडे दोन रविवार आहेत.

खर्चाचं विचारू नये. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पैसे वाचवायचे असतील तर दुकानातून तयार सायकल घ्यावी. ही कृती त्यांच्यासाठी आहे ज्यांना वाटेत काही कुरकुरलं तर काय कुरकुरतंय हे कळायला हवं आहे.

कोथरूड ते कॅम्प मला चाळीस मिनिटं लागतात. मोठ्या सायकलीवरही चाळीसच लागायची. ही मात्र लिफ्टमध्ये आडवी मावते.

शेवटची सूचना गमतीत घेऊ नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट, चाकांचे नट, हँडल आणि सीटची पकड, सगळं पुन्हा एकदा आवळा. आणि डावं पॅडल उलट्या दिशेने.