घशाची कैफियत

रक्तदाब या व्याधीचा मोठेपणा असा की ती जडल्याचे रोग्यास स्वतःस सहसा जाणवत नाही. जाणवतो तो तिचा उपचार. रामिप्रिलची चिमुकली गोळी माझ्या दिनक्रमात दाखल झाली, यंत्रातला पारा सन्मार्गास लागला, आणि थोड्याच अवधीत कफाचा लवलेश नसलेला एक कोरडा खोकला माझ्या घशात रुजू झाला. त्याचे औचित्यज्ञान विलक्षण होते. भजनात माझी पाळी येताच, अथवा शोकसभेत सर्वजण स्तब्ध उभे असता, तो नेमका उपस्थित होई, आणि एरवीही माझा आवाज मध्येच विनापरवाना रजेवर जाई.

घरात चौकशी बसली. सौभाग्यवतींनी ज्येष्ठमधाची कांडी हाती दिली, शेजारच्या काकूंनी अडुळशाचा काढा पाठवला. लोणच्याच्या बरणीवर जप्ती आली, दही हद्दपार झाले, पंख्यास ताकीद मिळाली. रोज सकाळी सर्वांसमक्ष गिळल्या जाणाऱ्या गोळीचा जबाब मात्र कोणीही घेतला नाही.

खरा प्रकार डॉक्टरांनी उलगडला. आपल्या देहातील एका विकराकडे, सरकारी कचेरीतल्या कारकुनाप्रमाणे, दोन टेबलांचा कारभार असतो : एकीकडे रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन सिद्ध करणे, दुसरीकडे ब्रॅडिकायनिन नामक द्रव्य निकालात काढणे. गोळी त्यास निलंबित करते. पहिल्या टेबलावरचा जुलूम थांबतो, परंतु दुसऱ्यावरची प्रकरणे तुंबून श्वासमार्गातील मज्जातंतूंस डिवचू लागतात. या औषधकुळाचा उगम ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषाच्या अभ्यासात आहे, आणि त्यातले कॅप्टोप्रिल अमेरिकेत १९८१ साली मंजूर झाले, हे कळल्यावर माझ्या फुत्कारांचे मला नवल उरले नाही. हा खोकला स्त्रियांस अधिक छळतो म्हणतात. आमच्या घरी त्याने हा दंडक मोडला, याबद्दल सौभाग्यवतींनी समाधान व्यक्त केले.

डॉक्टरांनी रामिप्रिल बडतर्फ करून टेल्मिसार्टन नेमले. ते कारकुनास हात लावीत नाही. त्याने काढलेला हुकूम रक्तवाहिनीच्या दारातच अडवते. काही आठवड्यांत खोकला ओसरला. समदुःखी वाचकांस विनंती इतकीच की गोळी स्वतःच्या अखत्यारीत बंद करू नये, डॉक्टरांकडे तक्रार गुदरावी. ओठ, जीभ वा चेहरा सुजला तर मात्र विनोदास मज्जाव, तडक इस्पितळ गाठावे.

दही सन्मानाने परतले. लोणच्याची जप्ती कायम आहे, कारण मिठाने रक्तदाब वाढतो ही गोष्ट डॉक्टरांनी माझ्यादेखत सौभाग्यवतींस सांगितली.