प्रतिभेचा रकाना

कलाकाराला पोट भरायला स्वतःची प्रतिभा हवी की हातचं कसब, हा वाद घालणाऱ्यांनी एकदा न्हावा शेव्याला यावं. 1989 मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून परदेशी निघालेल्या कंटेनरांत पेण, हमरापूरकडचे बाप्पाही असतात. आगमन भाद्रपदात, पण सातासमुद्रापार जायचं म्हणून प्रस्थान कितीतरी महिने आधी. निर्यातीच्या कागदांवर नग, वजन, किंमत सगळं असतं. प्रतिभेचा रकाना तेवढा नसतो.

प्रतिभेला गणेशमूर्तींच्या कारखान्यात मान नाही असं नव्हे. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "काहीतरी वेगळं दाखवा." मालक वेगळं दाखवतो. गिऱ्हाईक "वा, वा" करतं आणि दगडूशेठ घेऊन जातं. उरलेल्यांना लालबागचा राजा हवा असतो.

या गर्दीत भाव खातो तो डोळे आखणारा. बारीक ब्रश, रोखलेला श्वास, एक रेघ. ती हलली की बाप्पा तिरळे! त्याला "तुमची शैली कोणती?" असं कुणी विचारत नाही, "आज किती झाले?" एवढंच विचारतात.

नुसती प्रतिभाच बघायची तर बंदरासमोर घारापुरीला बघा. तिथली त्रिमूर्ती एकमेवाद्वितीय. घडवणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही आणि तिकिटाचे पैसे सरकारजमा.

तेव्हा होतकरूंनो, आधी डोळे आखायला शिका. घरभाडं त्यातून निघेल. प्रतिभा असलीच तर जपा. तिचेही पैसे होतात, फक्त ते बहुधा साचेवाल्याच्या खिशात जातात.