पाव, पण ‘जी’ लावून

एर्लांगेनला गाडीत बसल्यापासून कोबुर्ग येईपर्यंत आमच्या ह्यांनी ‘अरे ओ सांबा, कितना इनाम रखे हैं सरकार हम पर?’ तीनदा विचारलं. सांबा महोत्सव बघायला नेतो असं जावई म्हणाला, त्याची ही शिक्षा. पहिल्यांदा जावई हसला, दुसऱ्यांदा मुलगी हसली, तिसऱ्यांदा ह्यांचं ह्यांनाच हसावं लागलं.

त्यात नेमकी आषाढी एकादशी. तिकडे पंढरपुरात मुंगीला पाय ठेवायला जागा नसेल आणि इकडे मी पिशवीत खिचडीचा डबा घेऊन निघालेली, पिसं लावून नाचणाऱ्या बायका बघायला. डबाही कोबुर्गपर्यंत टिकला नाही. हे उपास करत नाहीत, फक्त उपासाचं खातात.

कोबुर्ग म्हणजे बव्हेरियाच्या उत्तरेचं चाळीसेक हजार वस्तीचं नीटनेटकं गाव. टेकडीवर किल्ला. मार्टिन लूथर १५३० साली तिथे काही महिने मुक्कामाला होता. बाजारचौकात राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा, अल्बर्टचा पुतळा. तो इथला जावई नव्हे, इथला मुलगा. तो गेल्यावर १८६५ साली व्हिक्टोरिया स्वतः पुतळ्याच्या अनावरणाला आली होती. अशा गावाला १९९२ पासून दर जुलैत तीन दिवस सांबा चढतो.

मला वाटलं होतं, रस्त्यात ब्राझीलची माणसंच माणसं असतील. होती, नाही असं नाही. पण डोक्यावर दीड हात पिसारा लावून ठुमकणारी जी पहिली बाई दिसली ती गोरीपान, निळ्या डोळ्यांची, आणि दर चार पावलांनी पुढच्या रांगेशी आपलं अंतर तपासणारी. मागे ढोलवाले. त्यातले निम्मे तरी सोमवारी कुठल्यातरी कचेरीत शिक्के मारत असणार. पण वाजवत होते जीव तोडून. पुढे शिट्टीवाला म्होरक्या. त्याने मूठ मिटली की शंभर हात एकदम थांबायचे. इतका शिस्तीतला बेभानपणा मी यापूर्वी फक्त पुण्यात लक्ष्मी रोडवर पाहिलाय.

हे तरुणपणी गणपतीत ताशा वाजवत. त्यामुळे दोन मिनिटांत ह्यांनी सगळ्या ताफ्याची वर्गवारी लावली. तो मोठा म्हणजे आपला ढोल, ती तारवाली म्हणजे ताशाची मावसबहीण. मोठ्या ढोलाचं नाव सुर्दू. मुलगी म्हणाली, “बाबा, पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ बहिरा.” हे म्हणाले, “काय?” आणि ‘कुइका’ नावाचं एक वाद्य आहे. त्याच्या पोटात काडी असते, ती ओल्या फडक्याने चोळायची, की ते शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं विव्हळतं. एवढी मेहनत घेऊन मांजर कशाला रडवायचं, असं मला वाटलं. पण तालात रडत होतं, हे कबूल करायला हवं.

ह्या गावाचा आणि ब्राझीलचा संबंध काय, हे कोडं मात्र जावयाने एका चर्चकडे बोट दाखवून सोडवलं. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रू याची मुलगी लिओपोल्दिना १८६४ साली कोबुर्ग घराण्यातल्या राजपुत्राला दिली होती. बिचारी १८७१ मध्ये व्हिएन्नात टायफॉइडने गेली, अवघी तेविसाची. तिला इथे आणून पुरलंय. महोत्सव काही तिच्यासाठी सुरू झालेला नाही, असं जावई बजावून सांगत होता. पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. सासरच्या गावात पोर निजलीय आणि दरवर्षी माहेरचा ढोल वाजतो. मला एवढं पुरे.

गहिवर आला की मला भूक लागते. चौकात कोबुर्गचे प्रसिद्ध सॉसेज भाजत होते, पाइनच्या वाळक्या फळांच्या जाळावर. त्या सॉसेजचं माप म्हणे नगरपालिकेच्या इमारतीवरच्या पुतळ्याच्या हातातल्या दांड्यावरून ठरतं. वाईट एवढंच, की वास फार चांगला होता. मी नाकाला पदर लावून पुढच्या ठेल्यावर गेले. तिथे लिंबाएवढे गरमागरम सोनेरी गोळे. पाटीवरचं नाव मुलीने वाचून दाखवलं, पाँव जी केइझू. पावच तो, पण ‘जी’ लावून.

“आई, ह्यात गहू नाही. कसाव्याच्या कंदाचं पीठ असतं. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांनी जगभर नेला. आणि तुझ्या खिचडीतले शेंगदाणे, बटाटा, मिरचीसुद्धा अमेरिकेकडचेच.”

“मग आपलं काय?” ह्यांनी विचारलं.

“तूप.”

हे गंभीर झाले. विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा, आणि त्याच्या एकादशीची खिचडी चार-पाचशे वर्षांपलीकडे जात नाही! मला मात्र हा हिशेब सोयीचा वाटला. साबुदाण्याच्या माहेरचाच पदार्थ, म्हणजे उपासाला साबुदाण्याहून एक पायरी वरचा. मी चार घेतले. वरून कुरकुरीत, आत चिवट आणि लुसलुशीत, चीजचा खारटपणा. दूध काय, उपासाला चालतंच. तीन कधी संपले कळलं नाही.

तेवढ्यात आमचे हे गायब. शोधलं तर मिरवणुकीच्या शेपटाला, एका जर्मन आजीबाईंचा खुळखुळा हातात घेऊन, तिलाच ठेका घसरतोय म्हणून मराठीत सांगत होते. ती ‘या, या’ म्हणत होती. ह्यांना वाटलं, बोलावतेय. हे आणखी पुढे गेले.

मी ठेल्याशीच थांबले. जावई पाटीखालची बारीक अक्षरं वाचत होता. त्याला ती सवयच आहे.

“आई,” तो जरा चाचरत म्हणाला, “ह्यात अंडं असतं.”

मी हातातल्या चौथ्याकडे पाहिलं. तो अजून गरम होता.

“मला जर्मन येत नाही,” मी म्हटलं, आणि तोंडात टाकला.