जुनं जर्मन नाणं ओळखा : नवशिक्यांसाठी

रायपुरात तात्यापाऱ्यातून सदर बाजारात जावं. सराफाला त्या नाण्याच्या नावाने 'थालर आहे का?' असं विचारू नये, तो जेवणाची थाळी काढून दाखवतो. 'सेठ, कोनो बिलायती रुपिया हे का?' म्हणावं. मग गल्ल्याखालून कापडी पुरचुंडी निघते. वरवर असतात ते व्हिक्टोरियाचे कलदार, बहुतेकांना कडी जोडलेली. कधीकाळी कुणाच्या तरी रुपियामाळेतून सुटलेले असतात. ते बाजूला सारा. आपल्याला अंगाने भारी बाई हवी आहे.

ती सापडली की लगेच कळते. डोक्यावर विधवेचा पदर, भरदार छाती, खांद्याजवळ मोत्यांचा ब्रोच : ही ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा. मागे दुतोंडी गरुड; गंडभेरुंड म्हणून मोकळे होऊ नका. काट्यावर कलदार ११.६६ ग्रॅम, ही जवळजवळ २८. कडेवर नख फिरवा, उठावाची लॅटिन अक्षरं लागतील. छातीखाली 'एस. एफ.' दिसतं, म्हणजे गुंझबुर्ग टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं. ते गाव आज बव्हेरियात आहे. सन १७८०.

इथे छातीत धडधड होईल. होऊ द्या, पण चेहरा मख्ख ठेवा, नाहीतर सेठ भाव चढवतो.

आता वाईट बातमी. राणी नोव्हेंबर १७८०मध्ये वारली. पण तांबड्या समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांचा विश्वास याच चेहऱ्यावर बसलेला, नवा चालेना. मग काय, तोच चेहरा, तेच सन, तीच आद्याक्षरं घेऊन नाणी पडत राहिली : व्हिएन्ना, रोम, लंडन. आणि १९४०-४१मध्ये चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत, पूर्व आफ्रिकेतल्या लढाईत इंग्रजांना खर्चायला. म्हणजे हातातलं 'अठरावं शतक' कदाचित तुमच्या आत्याहून लहान असेल.

मी पहिलं नाणं घेतलं तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. घरी आणलं, काकूंनी ते काळं पडलंय म्हणून रांगोळीने लख्ख घासलं. तुम्ही घासू नका, जुन्या नाण्याची अर्धी किंमत त्या काळेपणात असते.

तर सेठ १७८० म्हणेल, तुम्ही १९४० म्हणा आणि चांदीच्या भावाला या. तोही शंभर नंबरीचा नाही. हिच्यात चांदी ८३.३ टक्के.