केसांना कायदा, जातीला नकार

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये जातिभेदविरोधी विधेयकावर सही करायचं नाकारलं. कारण काय, तर वंश, धर्म, पूर्वज यांवरून भेदभाव करायला राज्यात आधीपासूनच बंदी आहे, जातीचा वेगळा उल्लेख कशाला?

ऐकायला रास्त वाटतं. पण याच न्यूसम यांनी 2019 मध्ये ‘क्राउन’ कायद्यावर सही केली होती. वेण्या, जटा, आफ्रो केस यांवरून शाळेत किंवा नोकरीत कुणाला डावलायचं नाही, असं तो कायदा स्वच्छ सांगतो. वर्णभेदाला तर 1964 पासून देशभर बंदी होती, मग केसांचं नाव घ्यावं का लागलं? कारण आलाबामात एका कंपनीने कृष्णवर्णीय तरुणीला नोकरी देऊ केली आणि जटा कापायची अट घातली. तिने ऐकलं नाही, नोकरी गेली. 2016 मध्ये अपील न्यायालयाने कौल दिला तो कंपनीच्या बाजूने. केस बदलता येतात, वंश बदलता येत नाही, म्हणून हा वंशभेद नव्हे!

‘आधीच आहे’ हे कोर्टाकडून वदवून घ्यायला पिढ्या जातात. 1964 च्या कायद्यात लिंगभेदाला बंदी होती; समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचारी त्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 2020 मध्ये. मधली 56 वर्षं ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचं काय?

जातीची चौकशी तर कधी उघड होतच नाही. आधी आडनाव विचारतात. त्यावरून पत्ता लागला नाही तर गाव कुठलं, व्हेज की नॉनव्हेज. एखादा पाठीवर थाप मारता मारता जानवं चाचपून घेतो. मराठी वाचकाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. पण तक्रार ज्या अमेरिकी एचआर अधिकाऱ्यापुढे जाते, त्याला आडनाव विचारण्यात गैर काय तेच कळत नाही. नियमात ‘जात’ लिहिलेली असेल तर निदान फाइल उघडते.

हे विधेयक आणलं होतं न्यूसम यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या आयेशा वहाब यांनी. राज्याच्या सिनेटमध्ये ते 34 विरुद्ध 1 आणि असेंब्लीत 50 विरुद्ध 3 असं पार पडलं. मग अडलं कुठे? माझ्या मते मतांच्या आणि देणग्यांच्या हिशेबात. कृष्णवर्णीय मतदार हा त्या पक्षाचा कणा आहे. जातीच्या प्रश्नावर मात्र विरोधात उभ्या होत्या सधन, संघटित हिंदू संस्था, आणि बाजूने दलित, संख्येने थोडे आणि त्यातले कित्येक व्हिसावर, म्हणजे मताचा हक्कच नसलेले. विधेयकाच्या बाजूचे लोक राजधानी साक्रामेंटोत उपोषणाला बसले, तरी उपयोग झाला नाही.

आपल्या मुलांकडे संशयाने पाहिलं जाईल ही विरोधकांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण विधेयकातल्या व्याख्येत कुठल्या धर्माचं नाव नव्हतं. जन्माने चिकटलेला सामाजिक दर्जा, एवढंच होतं. ज्याला दुसऱ्याचा दर्जा काढायचा नाही, त्याला या ओळीचा त्रास होण्याचं कारण मला दिसत नाही. अमेरिकेत वंशभेद सोसावा लागला की तिथले नागरी हक्कांचे कायदे आपण हक्काने वापरतो. मग आपल्यातल्याच माणसाला त्यांचा आधार मिळू नये म्हणून झटणं मला लाजिरवाणं वाटतं.

सिएटलने फेब्रुवारी 2023 मध्येच जातिभेदाला बंदी घातली. प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. खुद्द कॅलिफोर्नियातही, गव्हर्नरांच्या नकाराला काही दिवस उरले असताना, फ्रेस्नो शहराने आपल्या नियमांत जात घातली, तीही एकमताने. म्हणजे फ्रेस्नोत काम करणाऱ्या दलिताला कायद्यातल्या ओळीवर बोट ठेवता येतं. वेशीबाहेर पडला की त्याने आधी वकील गाठायचा आणि जात पूर्वजांत मोडते हे न्यायाधीशांना पटवून द्यायचं.