आक्षेपावर आक्षेप

कोषागारात असताना नानांनी एकही बिल पहिल्या फेरीत पास केलं नाही, असं साताऱ्यात सांगतात. गुरुजींचा प्रवासभत्ता असो की तहसील कचेरीतले पंखे, ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे’ हा शेरा ठरलेला. असे नाना गावोगाव असतात, आणि निवृत्तीनंतर मुलगा त्यांना हमखास लॅपटॉप घेऊन देतो.

परवा फुकटातली नाट्यपदं शोधताना कोपऱ्यात अँटिव्हायरसची पाटी झळकली: धोकादायक संकेतस्थळ अडवले आहे. अडवलं म्हणजे पान उघडलंच नाही. टॅब मिटावा, चहा घ्यावा. नानांना मात्र तो अपमान वाटला. आपल्या टेबलावरच्या कागदावर दुसऱ्यानंच आक्षेप घ्यायचा, आणि तोही कारण न देता!

त्यांनी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. त्यात पाटी अर्धी आणि बनियनमधले नाना पूर्ण आले. तो ‘सर्वांनी सावध राहावे’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर गेला. मग १९३० लावला. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले की तिथे ताबडतोब कळवायचं असतं. “किती रक्कम गेली?” “गेली नाही. जाऊ शकली असती.” शेवटी पहिल्या अँटिव्हायरसवर देखरेखीला दुसरा बसवला. दोघं एकमेकांच्या फायली तपासत बसले आणि लॅपटॉपचा ३१ मार्च झाला.

पुतण्याला बोलावणं गेलं.

“काका, ‘तरीही पुढे जा’ वगैरे दाबलं नाहीत ना?”

“नाही. म्हणजे दाबणार होतो, तेवढ्यात तुझी काकू आली.”

“पासवर्ड टाकलात कुठे?”

“पान दिसलंच नाही, टाकू कुठे?”

“मग पासवर्ड बदलायला नको. ब्राउझर अपडेट करू, एकदा पूर्ण स्कॅन लावू, झालं.”

स्कॅन निर्मळ निघाला, पण पाटी पुन्हा आली. नाना तेव्हा काहीच उघडत नव्हते, जप करत होते. हात न लावता पाट्या येऊ लागल्या की आगंतुक एक्स्टेन्शन्स आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या बघाव्यात. पुतण्यानं यादी उघडली. राशिभविष्य, क्रिकेट, लॉटरी, गुडघेदुखी, सगळ्यांना परवानगी! गुरुजींचं हक्काचं बिल तीनदा परत पाठवणारा माणूस इथं ‘अलाऊ’ म्हणताना एकदाही अडखळला नव्हता.

“अरे, कुणी परवानगी मागितली की बरं वाटतं. घरात आता कोण विचारतं?”

त्यातल्याच एका पाहुण्यानं मागे भोंगा वाजवून ‘तुमच्या संगणकात व्हायरस, या नंबरवर फोन करा’ असं दटावलं होतं. खरा अँटिव्हायरस असा भोंगा वाजवून फोन करायला लावत नाही. नानांनी फोन केला होता. पलीकडच्यानं लॅपटॉपचा ताबा मागितला, तेव्हा नाना म्हणाले, “रीतसर लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत.” भामट्यानंच फोन ठेवला. सायबर सुरक्षेचा हा प्रकार कुठल्याही कंपनीला सुचलेला नाही.

पुतण्यानं परवानग्या काढल्या, दुसरा अँटिव्हायरस उतरवला. फक्त अडवलेल्या पानाचा पत्ता नोंदींमध्ये सापडतो, हे त्यानं जाता जाता सांगायला नको होतं. नानांनी तो तारीख-वेळेसह वहीत उतरवून घेतलाय.

“समक्ष पाहणी केल्याशिवाय शेरा कायम कसा करणार?”