काठीच्या दांड्याविषयी काकतीस निवेदन

॥ श्री ॥
मिशिगन, रविवार

ती. अप्पा व ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

परवाच्या फोनवर आपल्या थोरल्या चिरंजीवांच्या गोल्फच्या काठीचा विषय निघताच थोरल्या काकीने ‘एका काठीला तीस हजार?’ असा जो प्रश्न केला आणि त्यावर अप्पांनी जे मौन धरले, त्या दोहोंचे निराकरण करणे हा या पत्राचा हेतू असून, कपडे वाळविण्याचे यंत्र आणि नातीचे गणित यांच्या मधल्या वेळात ते लिहिले गेल्याने त्यातील विस्कळीतपणा वडीलधाऱ्यांनी पोटात घालावा.

आईची खरी चिंता पैशाची नसून बिबट्याची आहे, हे सूनबाईने तत्काळ ओळखले. आपल्या बेळगावजवळच्या काकतीत गोल्फ मैदानाचे नाव निघताच ऑगस्ट २०२२ आठवावा हे स्वाभाविकच आहे, कारण जाधवनगरात दिसलेला बिबट्या बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, सक्रेबैलूच्या छावणीतून हत्ती आणावे लागले, आणि इतके होऊनही तो हाती लागला नाही. मिशिगनच्या मैदानात बिबट्या नाही; तेथील उपद्रव नियमाचा आहे. बिनकॉलरचा सदरा तेथे निषिद्ध असल्याने अप्पांनी पाठविलेला शुभ्र खादीचा कुडता अपात्र ठरला, आणि पोटावर पोपट छापलेला परंतु कॉलर असलेला शर्ट घालून आलेला शेजारी मात्र सभ्य गृहस्थ म्हणून आत गेला.

आता दांड्याविषयी. ‘ड्रायव्हर’ ही पहिल्या लांब फटक्याची काठी असून, तिचे डोके आणि मूठ यांना जोडणारा दांडा म्हणजे ‘शाफ्ट’, जो मार्कंडेय नदीवरच्या गळाच्या काठीप्रमाणे मुठीशी जाड आणि टोकाशी निमुळता असतो. पूर्वी तो हिकरी लाकडाचा असे. पोलादी दांड्याला ब्रिटनमधील नियामक संस्थेने १९२९ मध्ये मान्यता दिली, आणि १९७० च्या दशकात ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनच्या तंतूंचे थर राळेत बसवून भट्टीत पक्का केलेला नळा आला. ‘असला नळा उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर का निघत नाही?’ या अप्पांच्या शंकेचे उत्तर त्या थरांतच आहे: हा दांडा कातून काढीत नाहीत, गुंडाळून घडवितात. पोलादी दांडा बहुधा शंभर ग्रॅमच्या वर भरतो, तर ग्रॅफाइटचा साधारण ४० ते ८० ग्रॅम.

निवडीचा मुख्य निकष लवचीकता हा होय. ढोबळमानाने काठीच्या डोक्याचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असल्यास ‘आर’, म्हणजे मध्यम, आणि ९५ ते १०५ असल्यास ‘एस’, म्हणजे ताठ दांडा सुचविला जातो. परंतु या अक्षरांना सर्वमान्य माप नसल्याने एका कारखान्याचा ‘आर’ दुसऱ्याच्या ‘एस’इतका ताठ निघू शकतो, म्हणून छापील अक्षरापेक्षा प्रत्यक्ष मारून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. दांडा अति ताठ असल्यास उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बहुधा खाली राहतो आणि उजवीकडे जातो. थोरल्याचा वेग यंत्राने ८८ दाखविला असता त्याने ‘एस’चा आग्रह धरला, आणि ही वार्ता सूनबाईने काकतीच्या आधी माहेरी निपाणीस कळविली, यावरून दोन्ही घरांतील दळणवळणाची कल्पना यावी.

किंमत मात्र काकीने ऐकली तीच खरी. नामांकित दांडा सुटा घेतल्यास साडेतीनशे डॉलर, म्हणजे सुमारे तीस हजार रुपये पडतात, आणि त्यात काठीचे डोके येत नाही. शिवाय दांडा डोक्यात बसविणारी जोडनळी प्रत्येक कंपनीची वेगळी असल्याने दुसऱ्या कंपनीची काठी घेतली की तीही बदलावी लागते. याउलट काठीबरोबर मिळणारा दांडा तिच्याच किमतीत येतो, आणि ८८ मैलांच्या माणसाला तो बहुधा पुरतो. मुठीकडून अर्धा-पाऊण इंच कापून घेतल्यास चेंडू काठीच्या मध्यावर लागण्याची शक्यता वाढते, आणि त्यास किरकोळ मजुरीच पडते. लांब फटका म्हणजेच खेळ नव्हे, हे बेंगळुरूच्या अदिती अशोक हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये, बहुतेक इतर खेळाडूंहून आखूड फटके मारीत चौथे स्थान मिळवून, साऱ्या देशाला दाखविले आहे. तात्पर्य, काठीबरोबरचाच दांडा ठेवला असून तीस हजार खर्च झालेले नाहीत. अप्पांनी बोलावयास हरकत नाही.

पार्सलातील कुंदा पोहोचला. तो नातीने संपविला असे सांगणे सोयीचे असले, तरी रिकामा डबा मध्यरात्री थोरल्याच्या हातात सापडला, आणि महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज नसल्याने झोप लागत नाही, अशी तक्रार त्याने त्या वेळी केली. काकतीत असताना त्याच आवाजावरून त्याने घर कसे डोक्यावर घेतले होते, हे सर्वांस स्मरत असेलच.

बाकी, बंड्याने बुलेट घेतली असल्यास तिचा हप्ता कोण भरणार याचा खुलासा व्हावा, बांधावरच्या आंब्यावरून काका पुन्हा भांडले काय ते कळवावे, आणि म्हैस व्याली असल्यास पारडी झाली की रेडा, हे काकीकडून न विचारता आईनेच सांगावे, कारण काकीच्या वार्तेत गेल्या वेळी दोन्ही झाले होते.

कळावे, लोभ असावा.